दुपारची बॅच

"प्राची, फक्त सकाळची यादी दाखव," सोपानराव सर माइकवर हात ठेवून पुटपुटले आणि हसऱ्या चेहऱ्याने लोकांकडे वळले.

शिरूरच्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासचा आज निकाल होता. कागदावरून वाचून दाखवला असता तर पाच मिनिटांत आटोपला असता, पण सरांना थाट हवा होता. गावात अजून एमएस-सीआयटीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं आणि सर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला शिकवत होते. आपल्याच विद्यार्थिनीने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोजेक्टरवरून भिंतीवर निकाल लावून दाखवेल, असं त्यांनी पत्रिकेत छापलं होतं. पुढे खुर्च्यांवर सकाळच्या बॅचची पोरं आणि त्यांचे आईवडील. दुपारची बॅच मागे, दाराशी उभी. ती सरकारी योजनेतली, फी माफ असलेली. त्यातली बहुतेक पोरं बौद्ध वस्तीतली. त्यांच्यासाठी खुर्च्या मागवायचं सरांना सुचलंच नव्हतं.

कॉम्प्युटरपुढे बसलेली, प्रोग्रॅम लिहिणारी प्राची त्याच बॅचची. सर दुपारी जेवायला घरी जायचे ते चार वाजता उगवायचे, हजेरीच्या सह्या घ्यायचे आणि केबिनमध्ये जाऊन बसायचे. तोवर सगळ्यांना शिकवायची ती प्राचीच. एकदा तिच्यादेखत सर सकाळच्या बॅचमधल्या आपल्या मुलाला, सुदर्शनला म्हणाले होते की या दुपारवाल्यांना काय शिकायचंय, त्यांना सर्टिफिकेटशी मतलब. त्या दिवसापासून तिला सरांचा सूड घ्यायचा होता.

पहिला बेत सोपा होता. एका यादीत नावं असतात, दुसरीत गुण. पहिल्या नावाचे पहिले गुण, दुसऱ्याचे दुसरे. बॅगेची चेन लावावी तशा दोन्ही याद्या आधी एकमेकींत अडकवायच्या आणि मगच खालीवर करायच्या. चेन न लावता नुसते गुण हलवले, की कुणाचेही गुण कुणालाही जाऊन चिकटतात. सुदर्शनला भर सभेत नापास करता आलं असतं. पण मग सर हसून म्हणाले असते, पोरगी शिकाऊ आहे, चुकलं तिचं. आणि सुटले असते. प्राचीला ते सुटायला नको होते. म्हणून तिने प्रोग्रॅम अगदी बरोबर लिहिला होता.

आता तिने सकाळच्या नावांना दुपारची नावं जोडली. सकाळच्या गुणांना दुपारचे गुण, त्याच क्रमाने. मग चेन लावली, जास्त गुणांचे वर घेतले आणि एंटर दाबलं.

भिंतीवर एकच यादी आली. पहिली दुपारच्या बॅचची सुरेखा, दुसरी सुवर्णा, तिसरा सम्राट. पाचवी प्राची, आणि तिच्या बरोब्बर खाली सुदर्शन. पेपर पुण्याहून तपासून आले होते, त्यामुळे गुणांबद्दल कुणाला तोंड उघडायला जागा नव्हती. टेबलावर तीन ट्रॉफ्या होत्या. नुसती सकाळची यादी लागली असती तर तिसरी सुदर्शनच्या हातात गेली असती, आणि ती धरून कसं उभं राहायचं हेही त्याने ठरवून ठेवलं असणार. न्यायबिय प्राचीच्या डोक्यात नव्हता. तिला सरांचं तोंड बघायचं होतं आणि ते तिने डोळे भरून पाहिलं.

पण सरही कच्चे नव्हते. क्लासच्या जागेचे मालक ज्योतिबा आप्पा पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी यादी वाचली, पहिल्या नावाला पुढच्या खुर्च्यांवरून कुणी उठेना म्हणून मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "सर, त्या दाराशी हायेत त्या पोरीबी तुमच्याच का?"

"माझीच लेकरं, आप्पा," सर माइकवरून म्हणाले. आपण सकाळ-दुपार असा भेद कधी केला नाही, सुरेखा तर पहिल्या दिवसापासून हुशार, असंही त्यांनी पुढे सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. प्राचीची कानशिलं तापली. तिचा सगळा डाव सरांनी एका वाक्यात स्वतःच्या नावावर करून घेतला होता.

"सुरेखा, ये बाळ, वर ये."

कुणी आलं नाही. दाराशी पाच मुली उभ्या होत्या. सुरेखाने प्राचीकडे पाहिलं. प्राचीने किंचित मान हलवली, नाही म्हणून. ते पाचही जणींना कळलं. सुरेखाला ती ट्रॉफी नको होती असं नाही, पण ती जागची हलली नाही.

लाजली वाटतं, असं म्हणत सर ट्रॉफी घेऊन स्वतःच खाली उतरले, खुर्च्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. ट्रॉफी त्यांनी आधी त्यांतल्या सगळ्यात उंच मुलीपुढे धरली. ती नुसती बघत राहिली. मग तिच्या शेजारणीपुढे धरली. तिनेही हात पुढे केले नाहीत. खुर्च्यांवरची माणसं माना वळवून बघू लागली.

आप्पांनी माइक उचलला. "त्यातली कंची हो, सर?"

सर वळले आणि त्यांनी प्राचीकडे पाहिलं. इतक्या अजिजीने त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. तिने एक बोट उचललं असतं तरी काम झालं असतं. प्राचीने दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले.

"तुमचीच लेकरं हायेत की, सर," ती म्हणाली. "घ्या वळखून."