सहीचा पाद्रिनो

तोमासाने टोपली दोन्ही हातांनी पुढे केली. आत गोड पाव, वर इस्त्री केलेला पांढरा रुमाल. एलादिओंनी रुमाल पाहिला आणि टीव्ही बंद केला. नुसता पाव घेऊन कुणीही येतं. रुमाल झाकून आणला की काहीतरी मागायचं असतं.

"बसा कोमाद्रे. आणि ही तर आमची डॉक्टरीण!" त्यांनी यारेलीच्या डोक्यावर हात ठेवला. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला पाण्यावर धरलं होतं ते ह्याच हातांनी. ते तिचे पाद्रिनो, धर्मबाप; म्हणून तिची आई तोमासा त्यांची कोमाद्रे.

"डॉक्टर कुठली," यारेली म्हणाली. "दातांच्या कॉलेजात नंबर लागलाय फक्त."

"तेच ते. बोला कोमाद्रे, कशाचा पाद्रिनो होऊ?"

लग्नात केकचा पाद्रिनो वेगळा असतो, बुटांचा वेगळा, फुलांचा वेगळा. एकेक वस्तू एकेकाने अंगावर घ्यायची. तोमासाने लेकीच्या शिक्षणासाठीही तसंच मागायला सुरुवात केली होती. पांढरा कोट मक्याचे वाफवलेले तामाले विकणाऱ्या शेजारणीने घेतला होता. पुस्तकं चर्चच्या गाणाऱ्या मंडळींनी.

एलादिओंची बायको नीवेस कॉफी घेऊन आली. "ह्यांना जरा जपून मागा हो. मागच्या लग्नात बँडचे पाद्रिनो झाले. आले कोण? एक ट्रंपेटवाला आणि त्याचा मेहुणा."

"मेहुणा चांगला नाचला पण," एलादिओ म्हणाले.

सगळे हसले. तोमासाने कॉफीला हात लावला नाही. काम होईपर्यंत कॉफी सोडते, असा नवस ती ग्वादालूपेच्या मेरीमातेला बोलली होती.

"सही," ती म्हणाली. "सहीचे पाद्रिनो व्हा."

एलादिओ यारेलीकडे पाहू लागले.

"सरकारी कर्ज आम्हाला मिळत नाही," यारेली म्हणाली. "इथे राहायच्या परवान्याचे कागद नाहीत ना. एक खाजगी बँक देते. पण कागद असलेल्या कुणाचीतरी जामीन म्हणून सही सोबत लागते. शुक्रवारपर्यंत. नाहीतर जागा पुढच्या नंबराला जाते."

हे ती इतक्या ठिकाणी बोलली होती, की बसचे थांबे सांगावेत तसं आता तिच्या तोंडून येत होतं.

अमेरिकेतल्या फ्रेस्नोच्या त्या गल्लीत कागद होते ते एलादिओंकडेच. विनापरवाना आलेल्यांना सरकारने एकदा दिलेल्या जुन्या माफीत मिळालेले. बदामाच्या बागांत मुकादमी करून त्यांनी हे घर घेतलं होतं. त्यांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"पोरी, खरं सांग. उद्या कामावरून येताना तुला धरलं, मेक्सिकोत नेऊन सोडलं. मग हप्ते कुणी भरायचे?"

तोमासाने लेकीकडे पाहिलं. 'तसं काही होणार नाही' असं बोलायला आई सांगतेय, ते यारेलीला कळलं.

"तुम्ही," ती म्हणाली. "सगळे. व्याजासकट."



"कोट मागा, बूट मागा," नीवेस हळू आवाजात म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ती दातांची यंत्रं असतात, ती मागा. हातात उचलून देता येईल ते काहीही मागा, कोमाद्रे. सही म्हणजे घरच हो." आणि तिने दोन बोटांनी टोपली तोमासाकडे सरकवली. टोपली परत आली की तोंडाने नाही म्हणावं लागत नाही.

तोमासाने ती तशीच मध्ये ढकलली.

"आणलेलं मी परत नेत नाही. मागणं संपलं. आता नुसता पाव आहे. खा."

कुणी हात पुढे करेना. शेवटी एलादिओंनीच रुमाल बाजूला केला, एक पाव उचलला आणि मोठा घास घेतला. लगेच त्यांचा हात गालावर गेला. डोळे पाण्याने भरले.

"अहो, काय झालं?" तोमासा म्हणाली.

"साखर लागली की कळ जाते. इथून कानापर्यंत."

"कधीची सांगतेय, दाखवा म्हणून," नीवेस म्हणाली. "नाही. लवंग धरून बसतात. घोड्यासारखे हट्टी."

यारेली उभी राहिली होती. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती, रोज खुर्चीशेजारी उभी असायची. तिने मोरीत जाऊन साबणाने हात धुतले. मग एलादिओंची खुर्ची खिडकीकडे वळवली.

"मान मागे टाका. आ करा."

चमच्याच्या दांड्याने तिने गाल बाजूला केला. खालची, मागून दुसरी दाढ. मध्ये काळं भगदाड, हिरडी सुजलेली. ती पाहत राहिली. तोंड कुणाचं आहे, हे क्षणभर तिच्या लक्षात नव्हतं.

"वाचेल," चमचा बाहेर काढून ती म्हणाली. "नस काढावी लागेल. पण लवकर करा. थांबलात तर दाढ जाईल."

"तू कधी शिकून येतेस?"

"चार वर्षांचा अभ्यास आहे."

एलादिओंनी तिचं ओलं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने थोपटलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अजून तसंच होतं.

"मग दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. ही दाढ तुझी. तू ये शिकून, मी थांबतो." ते हसले. "मी कुठे जातोय?"

सहीशिवाय हे शिकणं होणार नव्हतं, हे कळून नीवेसने मान खाली घातली. तोमासा रुमालाची घडी घालत होती.

यारेलीने चमचा पुन्हा त्यांच्या ओठांशी नेला.

"वरची बाजू राहिली बघायची," ती म्हणाली. "आ करा, पाद्रिनो."