वीस मिनिटांचं अंतर

सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, आईनं तुझ्या नावाचा धोशा लावलाय. असशील तशी नीघ."

ती नेसत्या कपड्यांनिशी विमानतळावर धावली. दोन बेटांमध्ये सत्तर किलोमीटर समुद्र होता. नऊ आसनांचं विमान वीस मिनिटांत पोचायचं. वाटभर ती एवढंच पुटपुटत होती, "आई, थांब गं."

ती उतरली तेव्हा तिच्या घड्याळात वीसच मिनिटं झाली होती. भाऊ विमानतळाच्या दाराशीच उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तिला पाहून तो दचकला.

"ताई, तू परत कशी आलीस?"

"परत? अरे, आत्ता तर येतेय मी. आई कशी आहे?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "असं काय करतेस? तीन दिवस तिच्या उशाशी होतीस तू. काल तुझ्याच मांडीवर गेली ती, किती समाधानानं गेली! आत्ताच तर विमानात बसवलं तुला."

तिनं आपल्या मांडीकडे पाहिलं. आईच्या डोक्याचा भार तिला काही केल्या आठवेना.

काचेबाहेर एक छोटं विमान उडालं आणि तिच्या बेटाकडे वळलं. तिकडे घरी नवरा एकटाच तिची वाट पाहत होता.