भिंतीवरचे नरफूल

तिसऱ्या दिवशीही मादीफूल उमलले, आणि वेलावर नरफूल एकही नव्हते.

मोजणीदार गच्चीवर येरझारा घालू लागले. लाल भोपळ्याच्या मादीफुलाखाली सुपारीएवढे फळ असते. सकाळी नऊच्या आत नरफुलाचा पराग पोचला नाही, तर ते पिवळे पडून गळते. अशी दोन गळली होती. सायंकाळी नरकळ्या मोजाव्यात, आणि सकाळी स्नान आटोपून वर यावे, तो देठांचे खुंट तेवढे उरलेले.

"खारीला सांगून ठेवा, अहो, एखादं तरी आमच्यासाठी ठेव म्हणून," पत्नी म्हणाली.

आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजणाऱ्या या गृहस्थांनी वडिलांची गच्चीही मोजली होती. नऊ इंचांवरून धाकट्या भावाशी बिनसले आणि मधोमध डोक्याहून उंच भिंत उभी राहिली. त्यालाही आता नऊ वर्षे झाली होती.

चौथ्या दिवशी त्या भिंतीच्या माथ्यावर एक ताजे नरफूल होते.

मोजणीदारांनी ते बराच वेळ हातात धरले. मग पाकळ्या सोलल्या आणि आतला परागदांडा मादीफुलाच्या मुखावर अलगद फिरवला. फळ धरले. पुढे रोज फूल येऊ लागले.

"पलीकडे वेल असेल का गं?"

"मी काय भिंतीवर चढून पाहिलंय?" पिवळी बोटे पदराला पुसत ती म्हणाली.

तेव्हापासून त्यांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. वर्तमानपत्राची तीच ओळ ते चारदा वाचत. धाकटा पहाटे उठून आपल्या वेलाची फुले देतो, आणि आपण थोरले असून ती मुकाट्याने उचलतो, हे त्यांना जेवू देईना.

पहिला भोपळा पिकला, तसे एके सकाळी ते तासभर आधी उठले, तो पिशवीत घातला आणि पत्नीला न सांगता शेजारचा जिना चढले.

धाकट्याने दार उघडले. आधी भोपळाच पुढे झाला.

"तुझ्याच फुलांचा आहे. वेल तरी दाखव."

धाकट्याने डोळे पुसले आणि त्यांना गच्चीवर नेले. तेथे पाण्याची टाकी होती आणि कपडे वाळत घालण्याची दोरी.

"माझ्याकडे वेल कुठला, दादा? भिंतीवर रोज फूल तूच ठेवतोस ना? मला उचलायचा धीर होत नव्हता, एवढंच."

मोजणीदार भिंतीकडे वळले. पलीकडून, टाचा उंचावल्याशिवाय पोचणार नाही असा एक हात वर आला, आणि पिवळ्या बोटांनी एक ताजे नरफूल माथ्यावर नीट ठेवून गेला.