भिंगरी वरच्या मजल्यावर

भिंगरीने लाकडी रीळ बाबांच्या चपलेवर आणून टाकलं आणि दोन पावलं मागे सरून ती शेपूट ताठ करून उभी राहिली. बाबांनी मान वर केली नाही. घरातल्याच दुरुस्तीच्या दुकानात ते शिलाई मशीनच्या पोटात स्क्रू-ड्रायव्हर घालून बसले होते. तिने रीळ उचललं, पुन्हा टाकलं. चौथ्या वेळी बारीक आवाजात कुरकुरली. बाबांनी पाय बाजूला घेतला.

खांद्यावरची बॅगही न उतरवता त्यांची मुलगी दारात उभी राहून हे पाहत होती. ती न कळवता आली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पोस्टातल्या बाईंचा फोन आला होता. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की जमलं तर या शनिवारी येऊन जा.

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा टेरियर जातीच्या कुत्र्याचं हे पिल्लू, भिंगरी, मुलीनेच आणलं होतं. बाबांना ते मुळीच नको होतं. मूठभर जीव आणि घर डोक्यावर घेतंय, म्हणाले होते. पहिल्याच आठवड्यात भिंगरीने गादी उकरून कापूस काढला आणि एका गिऱ्हाइकाच्या मशीनचा पट्टा कुरतडला. मग बाबांना समजलं, की हिला दमवलं नाही तर ही आपल्याला दमवणार. ते पहाटे उठायला लागले. तळ्याला दोन फेऱ्या, वाटेतला चढ, परत येताना मैदान. दोऱ्याची रिकामी रिळं फेकून फेकून त्यांचा खांदा दुखायला लागला. तिच्या राठ केसांना कात्री लावायची नाही, मेलेले केस चिमटीने उपटून काढायचे, हे ते कुठूनसे शिकून आले. दर दोन महिन्यांनी दुकान अर्धा दिवस बंद असायचं. खाली वर्तमानपत्र, मांडीवर भिंगरी, आणि बाबा तिच्याशी एकतर्फी गप्पा मारत बसलेले. आईशीही ते इतकं कधी बोलले नव्हते.

तेच बाबा आता भिंगरीकडे बघत नव्हते.

मुलीने बॅग खाली ठेवली. कोपऱ्यात भिंगरीची वाटी नव्हती. गादी नव्हती. दोरी नव्हती. विचारल्यावर बाबांनी सांगितलं, की सगळं वर दिलंय. तिथेच जेवते, तिथेच झोपते. फिरायलाही बाईच नेतात. खाली येते अधूनमधून, मग बाई येऊन घेऊन जातात.

"तुम्ही तिला हाकसुद्धा मारत नाही?"

बाबा मशीनला तेल देत राहिले.

मुलीच्या मनात नको नको ते आलं. विसरायला लागलेत की काय. की म्हातारपणी माणूस असा कोरडा होतो. मग तिला राग आला. कुत्रं म्हणजे काय दुरुस्तीला आलेलं मशीन आहे, जड झालं की दुसऱ्याच्या गळ्यात घालायला, असं ती बोलून गेली. झेपत नसेल तर मी घेऊन जाते, म्हणाली. बाबा शांतपणे म्हणाले, की तुझी बारा-बारा तासांची ड्यूटी. बंद खोलीत वेडी होईल ती. वरच्या बाई बऱ्या आहेत. त्यांचे गुडघे शाबूत आहेत.

भिंगरी एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मग तिने रीळ तोंडात धरलं आणि जिन्याकडे निघाली. तिची नखं पायऱ्यांवर वाजत गेली. वर दार उघडलं, बाई काहीतरी लाडाने बोलल्या, दार बंद झालं.

बाबांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत. त्यांच्या शर्टाची कॉलर गळ्याभोवती केवढी सैल झाली होती, ते मुलीला आत्ता दिसलं.

"आज पहिल्यांदा ती आपण होऊन गेली," ते म्हणाले. "महिना लागला."

मुलीला काही कळेना. ती स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली. बाबांनी तेलकट हात फडक्याला पुसले, एकेक बोट सावकाश. मग त्यांनी सांगितलं. पोटात दुखत होतं म्हणून तपासण्या केल्या होत्या. स्वादुपिंडाचं निघालं. पसरलंय. डॉक्टर चार महिने म्हणाले होते, त्यातला एक गेला. दुकानात बसवतंय तोवर ते बसणार होते.

"ही जात हट्टी," बाबा म्हणाले. "मी एकाएकी दिसेनासा झालो तर या दारापाशी बसून राहील, खाणार नाही. म्हणून आत्ताच तिची सवय तोडतोय. माझ्यावर रागावली तर चालेल. वाट बघत बसायला नको."

मुलीने त्यांचा हात धरला. तो इतका हलका लागला, की तिने पकड सैल केली.

"वरच्या बाईंना हे माहीत आहे?"

"सांगावं लागलं. भिंगरीला तिथे राहायचंय."

"आणि मी?"

बाबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुझी सवय कशी तोडायची, ते मला सुचलं नाही. म्हणून तुला सांगितलंच नाही."