सहा ऑफिसांची मोजणी

वॉशिंग मशीन टुणटुण वाजून थांबलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की दुपारची जेवणं झाल्यापासून घरात कुणी बोललेलंच नाही. लेक फरशीवर पोटावर पडून चित्र रंगवत होती. मशीनमधले कपडे दोघींचेच, चार मुठी. वाळत घालायची घाई नव्हती. तिने पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. आज मोजणीचा शेवटचा दिवस.

कंपनीची ऑफिसं सहा. दोन इथे, चार बाहेरगावी. तिथला प्रत्येक माउस, कीबोर्ड, हेडसेट तिच्या यादीत, प्रत्येकावर तिच्या हातचं लेबल. कुठली वस्तू कुठे, कुणाकडे, सगळं तोंडपाठ. नवऱ्याला याची भारी गंमत. तोही याच कंपनीत. "आमची बायको उंदरांची शिरगणती करते," असं चारचौघांत सांगायचा. वर्षापूर्वी त्याची बदली सगळ्यात लांबच्या ऑफिसात झाली. आधी महिन्यातून एकदा तरी यायचा. हल्ली साहेब सोडत नाहीत, म्हणून फोनवरच भागवायचा.

फोन वाजला. इथल्याच, स्टेशनजवळच्या ऑफिसचे स्टोअरकीपर.

"ताई, एक हेडसेट जास्त भरतोय. लेबल तुमचंच, पण आमच्या यादीत नाही. चारशे सतरा."

यादी उघडावी लागली नाही. ते लेबल तिने याच टेबलावर चिकटवलं होतं, नवरा शेजारी बॅग भरत असताना.

"तो बाहेरगावचा, दादा. कुणी कामाला आलं असेल, विसरून गेलं असेल."

"विसरून कसलं! आत्ता कानावरून मागून घेतला, तर साहेब चिडले ना माझ्यावर. दोन महिने झाले, बदली होऊन आलेत. रोज इथेच बसतात. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"नाही," ती म्हणाली. "कुणी नाही कळवलं."

बदली झाली, की लॅपटॉपचे कागद फिरतात. हेडसेट कोण मोजतंय, असं सगळ्यांनाच वाटतं. त्यालाही वाटलं असेल.

"मग काय करू, ताई? परत पाठवू, का आमच्यात धरू?"

तिने चारशे सतराची ओळ काढली. ठिकाणाच्या रकान्यातलं लांबचं नाव पुसलं, स्टेशनजवळचं भरलं. एकही अक्षर चुकलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"तुमच्यातच धरा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खिडकीखालून स्टेशनची बस गेली. स्टेशन चौथा थांबा.

लेक कधी उठून येऊन तिच्या मांडीला बिलगली, तिला कळलंच नाही.

"आई, बाबांना ऑफिसातून घरी यायला किती वेळ लागतो गं?"