वरचं वर्तुळ

संशोधक बाईंनी टेबलावर कागद पसरला, तरी सूनबाई दारातच उभी राहिली. सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन भरवत होत्या. पोराला तिसऱ्यांदा जंत झाले तेव्हापासून त्यांनी सुनेला भरवू दिलं नव्हतं. तिच्या हाताला स्वच्छता नाही, हे गल्लीभर सांगून झालं होतं. बिचारीचे हात धुऊन धुऊन सोलून निघाले होते.

मागच्या महिन्यात घरातल्या सगळ्यांनी लाजत लाजत तपासणीसाठी शौचाच्या डब्या भरून दिल्या होत्या, रक्तही दिलं होतं. आता ते सगळे कागदावर होते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला पुन्हा पुन्हा जंत होतात तो काळा. सूनबाई कोरी, सासूबाईही कोऱ्या. नातू काळा, त्याचा बाप काळा, आत्या काळी, आजोबा तर काळेकुट्ट.

बाईंनी सावकाश समजावलं. घर एक, पाणी एक, तरी काहींच्याच शरीरात जंत ठाण मांडतात. बऱ्याच कुटुंबांत हा कल रक्तातून आलेला दिसतोय. गोळ्या घ्यायच्या, हात तर धुवायचेच. पण यात आईचा हलगर्जीपणा नाही.

सूनबाई आत येऊन खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं हसू. केवढं हलकं वाटलं तिला.

सासूबाईंची नजर मात्र कागदावरून हलेना. आजोबांच्या वर एक वर्तुळ होतं, आत प्रश्नचिन्ह. ह्या कोण, त्यांनी विचारलं. आजोबांच्या आई, बाई म्हणाल्या. त्यांना हा त्रास होता का, ते आजोबांनाही आठवत नाही.

"मला आठवतं ना," सासूबाई म्हणाल्या. "दाराआड बसून जंतांवरचा कडू काढा प्यायच्या, आणि कुणाला बोललीस तर बघ म्हणायच्या. पुढे माझ्या मुलाला जंत झाले, तर त्यांनीच नावं ठेवली माझ्या हाताला. तो शाळेत जाईपर्यंत मला भरवू दिलं नाही."

मग बाईंनी प्रश्नचिन्ह खोडून पेन्सिलीनं वर्तुळ फिकट भरलं. ऐकीव माहिती फिकटच दाखवायची, अशी त्यांची पद्धत होती.

सासूबाईंनी नातवाला उचलून सुनेच्या मांडीवर ठेवलं, वाटी-चमचा तिच्यापुढे सरकवला आणि बाईंकडे वळल्या.

"जरा गडद करा की."