नेरिडाचा नकाशा

“पहिली फेरी टॅम्सिनची,” दारातच बूट उलटे करून जळवा झाडत कीरन म्हणाला. “शनिवारी सकाळी दहाला. सगळ्यात जास्त तिनेच खणलंय.”

“बरोबरच आहे,” नेरिडा म्हणाली आणि बाळाच्या तोंडात भोपळ्याचा चमचा घातला.

मॅरोवेलच्या सायकल क्लबात पद्धतच होती तशी. डोंगरात नवी वाट तयार झाली, की ज्याच्या हाताला सर्वांत जास्त फोड आले, तो वरून सायकलीवर एकटा सुटायचा. बाकीचे खाली ओढ्याकाठी थांबायचे. तीन वर्षांपूर्वी कथलाच्या जुन्या खाणीमागची वाट झाली तेव्हा पहिली फेरी नेरिडाची होती. ती खाली पोचली तशी कीरनने तिला सायकलीसकट उचललं होतं.

आता त्यांची लेक मॅटी आठ महिन्यांची होती. नेरिडाची सायकल शेडमध्ये जुन्या चादरीखाली पडली होती आणि दर रविवारी कुदळ-दाताळं घेऊन कीरनबरोबर डोंगर चढत होती टॅम्सिन.

नेरिडाकडे उरला होता नकाशा. एकतीस वाटा, त्यांची वळणं, उतार, पडलेली झाडं, सगळं ती घरच्या कंप्युटरवर सांभाळायची. झाड पडल्याचा फोन आला की चहा निवायच्या आत नकाशावर खूण. नव्या वाटेची नोंद ती खुली होईपर्यंत इतर कुणाला दिसत नसे. पण प्रत्येक नोंदीखाली नकाशा आपणहून दिवस-वेळ टाकायचा, आणि ती वेळ खोडता येत नसे. एकही नोंद उशिराची नव्हती. “हिचा नकाशा वाटेच्याही आधी तयार असतो,” क्लबची अध्यक्ष बेव्ह म्हातारी सगळ्यांना सांगायची.

“नाव काय ठेवताय?” नेरिडाने विचारलं.

“टॅम्सिन म्हणते, ‘वॉम्बॅटचं बीळ’. मी आपलं गमतीत म्हटलं, तुझंच नाव देऊ. तर बेव्ह खेकसली, ‘मारतोस का काय पोरीला!’” कीरन खदखदून हसला.

नेरिडाही हसली. जिवंत माणसाचं नाव वाटेच्या पाटीवर चढत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ‘मर्व्हची उडी’, ‘पेगचं वळण’. मर्व्ह आणि पेग दोघंही चर्चमागे शेजारी शेजारी निजलेली.

नेरिडाच्या वाटेच्या वेळी मात्र कीरनला तिचं नाव सुचलं नव्हतं. गमतीतसुद्धा.

गुरुवारी टॅम्सिन शिंपल्यांचं सारण भरलेली गरम पेस्ट्री घेऊन आली.

“ये ना गं शनिवारी, पिल्लूला घेऊन. कीरन म्हणतो, तू घरातून हलतच नाहीस.”

“कीरन म्हणतो?”

“म्हणजे... सगळेच म्हणतात.” टॅम्सिनचा हात डोक्यावरच्या राखाडी लोकरी टोपीकडे गेला. टोपी कीरनची होती. “वर कसली थंडी असते, माहितीये ना.”

“माहितीये. मीही खणलंय वर.”

“हो, अगं, मी कुठे...” टॅम्सिनने घाईघाईने विषय बदलला. “तो शेवटचा फळ्यांचा पूल आहे ना, तिथे माझी फाटते बघ. इतक्या वेगात समोर येतो!”

“तिथे ब्रेक लावू नकोस,” नेरिडा म्हणाली. “लावलास की घसरशील. सरळ जायचं.”

“थँक्यू गं,” टॅम्सिन म्हणाली आणि तिने नेरिडाला मिठी मारली. टोपीला कीरनच्या केसांचा वास होता.

शुक्रवारी मॅटीला शेजारच्या डॉटकडे ठेवून नेरिडा डोंगरावर गेली. नवी वाट नकाशावर घ्यायच्या आधी ती पायी चालून मोजायची, हा तिचा शिरस्ता. पिशवीत फीत, वही आणि पाना. वळणं मोजली, उतार लिहिले. सर्वांत जास्त वेळ गेला तो पुलाशी. खाली ओढ्यातले दगड होते, कोरडे, मोठे.

दुपारी घरी आल्यावर तिने नखं दोनदा घासून धुतली. मॅटीला पाजून निजवलं. मग कंप्युटर उघडून राहिलेली नोंद पुरी केली. लांबी, उतार, पूल, नाव. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

शनिवारी दहाला सगळे ओढ्याकाठी उभे होते. वरून शिट्टी ऐकू आली. मग फर्नमधून चाकांची सळसळ, जवळ, आणखी जवळ. मग काहीच नाही.

कीरन सर्वांत आधी धावला. नेरिडाने मॅटीचे कान झाकले.

रविवारी पोलीस येऊन बघून गेले. नवं लाकूड, रात्रीचा पाऊस, होतं असं, म्हणाले. कीरन सोफ्यावर नेरिडाच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला.

“पुलाचे बोल्ट मीच आवळले होते गं.”

“तुझं काही चुकलं नाही,” ती म्हणाली. त्याच्या केसांतून तिची बोटं हळूहळू फिरत होती. किती दिवसांनी तो असा घरात होता.

सोमवारी बेव्ह आली. डोळे सुजलेले. “काल सगळे बसलो होतो. वाटेला तिचं नाव द्यायचं ठरलंय. नकाशात तेवढं चढव, पोरी. घाई नाही.”

“संध्याकाळी करते.”

“नको,” कीरन उठला. “एवढं तरी मला करू दे.”

“कीरन, राहू दे ना, मी—” पण मॅटी अंगावर पीत होती, आणि त्याने कंप्युटर उघडलासुद्धा.

बत्तिसावी नोंद. बेव्ह चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून वाकली.

“अगं, तू केलंससुद्धा!” ती म्हणाली. “मी म्हणते ना, हिचा नकाशा वाटेच्याही आधी...”

ती मध्येच थांबली. कीरनचं बोट पडद्यावर टॅम्सिनच्या नावाखाली सरकलं होतं, नकाशाने आपणहून टाकलेल्या ओळीवर.

शुक्रवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.